मिठाची बाई

माझी थोरली बहीण एस्तेर एका बुधवारी सकाळी साडेनवाच्या सुमारास नगरमधले आमचे घर सोडून गेली. ती एकोणीस वर्षांची होती, मी बारा. घरात त्या वेळी मी एकटी होते. आई खेड्यावर गेली होती, बाबा छापखान्यात होते आणि मला ताप असल्याने मी शाळेत गेले नव्हते. त्यामुळे जे घडले ते पाहणारी साक्षीदार मी एकटीच आहे, आणि त्या संध्याकाळी मी दिलेली साक्ष खोटी होती.

आमचे घर मिशनच्या आवारात होते. दोन खोल्या, पुढे पडवी, पत्र्याचे छप्पर. पडवीतून आवाराचे फाटक दिसे आणि फाटकापाशी चिंचेचे मोठे झाड होते. सकाळी पत्र्यावर कावळे उतरले की नखांचा आवाज होई आणि त्यानेच आम्ही उठत असू. बाबा छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे जुळवून ओळी लावत. घरी आल्यावर साबणाने तीनदा हात धुतले तरी त्यांच्या बोटांची टोके करडीच राहत. ते कमी बोलत. आईचे कामच बोलण्याचे होते. ती बायबलबाई होती, म्हणजे खेड्यापाड्यांत जाऊन बायकांना शास्त्रातल्या, बायबलमधल्या, गोष्टी सांगायचे काम तिला मिशनने दिले होते. श्रीगोंदा तालुक्यातली बरीच गावे तिच्याकडे होती. पहाटे ती बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून घेई, चित्रांची गुंडाळी खांद्याला लावी आणि पहिल्या एसटीने जाई. संध्याकाळी परत आली की आधी पाय धुई, मग गुंडाळी खुंटीला अडकवी, मग बोले. शनिवारी हुलग्याचे शेंगोळे आणि रविवारी देवळातून, म्हणजे चर्चमधून, आल्यावर मटणाचा रस्सा, हे दोन बेत ठरलेले. बाकी दिवस जे असेल ते.

गुंडाळीत पंधरा-सोळा रंगीत चित्रे होती. प्रत्येक चित्र आईने खळ लावून मांजरपाटावर चिकटवले होते, कडा शिवल्या होत्या. निंबाखाली किंवा कुणाच्या ओट्यावर ती एकेक चित्र उलगडून धरी आणि दर वेळी त्याच क्रमाने चार प्रश्न विचारी. कोण आहे, कुठे आहे, काय करते आहे, पुढे काय होईल. बायका उत्तरे देत, चुकत, हसत, आणि मग आई खरी गोष्ट सांगे. पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी मुख्य उपसंपादकांनी बातमीला विचारायचे प्रश्न मला कागदावर लिहून दिले. मी ते न वाचताच खिशात घातले, याचा त्यांना राग आला होता.

सगळी चित्रे आईला मिशनकडून मिळालेली होती. एक तेवढे वेगळे होते. एक म्हाताऱ्या मिससाहेब कायमच्या मायदेशी गेल्या, तेव्हा त्यांच्या बंगल्यातल्या ट्रंकेतले जुने कागद त्यांनी आईला दिले. त्यात हे चित्र निघाले. खालची पट्टी वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे नाव होते की नव्हते ते कळत नव्हते. चित्रात एक तरुण, श्रीमंत बाई बागेत उभी होती. अंगात पांढरा रेशमी झगा, कंबरेत आवळलेला, खाली जमिनीवर पसरलेला. एका हातात उघडी छत्री. दुसरा हात दगडी कठड्यावर. पायात उंच टाचांचे नाजूक बूट, त्यातला एकच दिसे. तिच्या पुढे लोखंडी फाटक अर्धे उघडे होते, म्हणजे ती बाहेर निघाली होती, पण मान वळवून ती मागे पाहत होती. मागे काय होते ते चित्रात नव्हते. जमिनीवर एक हातमोजा पडलेला. डोक्यावरच्या झाडांची सगळी पाने लाल.

आईने ते पाहिले आणि ओळखले. ही लोटाची बायको. शास्त्रात सदोम नावाच्या पापी शहराची गोष्ट आहे. देवाने त्यावर आग आणि गंधकाचा पाऊस पाडला, पण लोटाच्या कुटुंबाला आधी बाहेर काढले. एकच अट होती, मागे वळून पाहायचे नाही. लोटाच्या बायकोने पाहिले आणि ती जागेवर मिठाचा खांब झाली. आईच्या दृष्टीने चित्रात काहीच उणे नव्हते. लाल पाने ही आग होती, कारण नगर जिल्ह्यात पाने लाल होऊन उभे राहिलेले झाड कुणी पाहिलेले नव्हते. छत्री गंधकाच्या पावसासाठी. आणि झग्याच्या खालच्या घोळावर चित्रकाराने जी पांढरी चमक रंगवली होती, ती तर सरळच होती. आई त्यावरून बोट फिरवून सांगे, "बघा, खालून मीठ व्हायला लागलंय." पायांपासून वर, गुडघ्यापर्यंत. मी लहानपणी त्या चमकेकडे इतक्या वेळा पाहिले आहे की अजूनही डोळे मिटून तिची वरची कड दाखवू शकते.

गावोगावच्या बायकांना हे चित्र सगळ्यांत आवडे. त्या त्याला मिठाची बाई म्हणत आणि आई दिसली की आधी तेच काढायला लावत. मे महिन्याच्या सुटीत एस्तेर आणि मी आईबरोबर जात असू. एस्तेर मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होती, पण रजा मिळाली की ती यायची आणि आई बोलत असताना चित्र धरून उभी राहायची. तिला त्या चित्राबद्दल शंका होती. एकदा एसटीत तिने आईला विचारले, सदोम जळत असताना ही असले बूट घालून निघाली का. आई म्हणाली, श्रीमंताघरची होती. एस्तेर म्हणाली, "आई, ही लोटाची बायको नाही. ही कुणाचीच बायको दिसत नाही मला." आईने तिच्याकडे पाहिले आणि खिडकीबाहेर पाहायला लागली.

त्याच फेरीत श्रीगोंद्याच्या पुढच्या एका वाडीवर एक प्रसंग झाला. ऊसतोडीचा हंगाम संपला होता, बायकांना वेळ होता, वीसेक जणी जमल्या होत्या. एका लहान मुलीने जमिनीवरच्या हातमोज्याकडे बोट दाखवून विचारले, हिचा हात गळून पडलाय का. सगळ्या हसल्या. शेजारची म्हणाली, "मिठाचाच हुता, पावसात इरघळला आसंल." आईही हसली. मग गोष्ट सांगून झाली आणि आई शेवटच्या वाक्यापर्यंत आली, की देवाने बाहेर काढले त्याने मागे पाहू नये. तेव्हा सरूबाई नावाच्या एका म्हातारीने हात वर केला. तिच्या दातांत मिश्री होती, ती बोट न काढताच बोलली.

"बाई, मागं कोन राह्यलं हुतं तिचं?"

आई म्हणाली, शहर राहिले होते, घरदार, दागदागिने.

"दागिन्यासाठी आसं कुनी बघतंय व्हय? तोंड बघा की तिचं. लेक राह्यली आसंल मागं."

आईने शास्त्र उघडले नाही. तिला पाठ होते. शास्त्रात लोटाचे जावई मागे राहिल्याचे लिहिले आहे, ते हसले आणि आले नाहीत. जावई होते म्हणजे लेकी असाव्यात, असे धरता येते, पण त्यांच्याबद्दल तिथे काही लिहिलेले नाही. एस्तेर चित्र धरून उभी होती, तिने ते थोडे खाली घेतले आणि आईच्या तोंडाकडे पाहिले. मग आई म्हणाली, "असेल. पण सांगितलेलं ऐकायला हवं होतं." सरूबाई म्हणाली, "व्हय, ते बी हाय." आणि पुढचे चित्र काढायला सांगितले.

त्यानंतर पाच महिन्यांनी एस्तेर गेली. काष्टीचा रामदास नावाचा मुलगा त्याच्या वडिलांना घेऊन दवाखान्यात दोन महिने होता, तिथे त्यांची ओळख झाली. त्याच्या घरी ऊस आणि जनावरे होती. तो हिंदू होता. एस्तेरने घरी एकदा विषय काढला तेव्हा आईने नाही म्हटले आणि बाबांनी आईकडे पाहिले. पुन्हा विषय निघाला नाही.

बुधवारी तिने दवाखान्यात घालायची पांढरी साडी नेसली, म्हणजे आवारात कुणी विचारणार नाही. हातात कापडी पिशवी होती. माझ्या कपाळाला हात लावून तिने ताप पाहिला, पेज करून झाकून ठेवली आहे म्हणाली. मग म्हणाली, "आईला सांग, मी रामदासशी लग्न करायला चाललेय. पत्र पाठवीन." मी विचारले, आता? ती म्हणाली, हो. मी पडवीत येऊन उभी राहिले. ती फाटकापर्यंत सरळ गेली. फाटक अर्धे उघडेच होते. तिथे चिंचेखाली ती थांबली आणि वळून घराकडे पाहिले.

ती किती वेळ पाहत होती, याबद्दल मला खात्री नाही. मला तेव्हा तो बराच वेळ वाटला. मी तिच्या तोंडाकडे पाहिले नाही. मी तिच्या साडीच्या काठाकडे पाहत होते, पांढऱ्या साडीवर ऊन पडले होते आणि खाली पायांपाशी ते चमकत होते. रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि ती गेली.

आई दिवेलागणीला आली. मी निरोप सांगितला. बाबा आधीच घरी होते, त्यांना कळले होते आणि ते पाटावर बसून होते. आईने पाय धुतले नव्हते. गुंडाळी खांद्यावर तशीच ठेवून तिने मला एकच प्रश्न विचारला.

"जाताना मागं वळून पाहिलं का तिनं?"

"नाही," मी म्हणाले.

मला तेव्हा वाटत होते की हो म्हटले तर एस्तेरचे मीठ होईल. गाडीत किंवा काष्टीत, कुठे तरी. शिक्षा देवाकडून येते आणि देवाला आईकडून कळते, अशी माझी समजूत होती. बाबा म्हणाले, "पोरीला काय विचारतेस?" आई म्हणाली, "बरं." आणि गुंडाळी खुंटीला लावली.

बाबा दुसऱ्या दिवशी काष्टीला जायला निघाले होते. आईने त्यांना जाऊ दिले नाही. "ती वळली नाही. आपण कशाला वळायचं?" एवढेच ती म्हणाली. त्या आठवड्यात आमटी दोनदा अळणी झाली. त्यात काही अर्थ शोधू नये. मिठाचा डबा एस्तेर भरत असे आणि तो रिकामा आहे हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. बाबा दोन्ही वेळा तसेच जेवले.

महिन्याभरात पत्र आले. बाबांनी ते मोठ्याने वाचले. लग्न झाले, मी बरी आहे, म्हैस व्याली आहे. इथे माझे नाव आशा ठेवले आहे. गावात सांगितले आहे की मला माहेर नाही, तेव्हा तुम्ही इकडे येऊ नका. नाताळला मी एकटी येऊन जाऊ का, तेवढे एका कार्डावर कळवा. बाबांनी पत्राची घडी केली आणि आईकडे पाहिले. आई पीठ मळत होती. तिने परात फिरवली. कार्ड गेले नाही. नाताळला आईने करंज्या केल्या, नेहमीपेक्षा कमी. फाटक वाजले की मी पडवीत जायची. घरात दुसरे कुणी उठत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात चित्रांना ऊन दाखवायचे काम निघाले. आई दरवर्षी चित्रे पडवीत पसरून, कसर लागू नये म्हणून निंबाचा पाला घालत असे. मिठाच्या बाईचे चित्र माझ्या हातात होते. मी म्हणाले, "ताईनं वळून पाहिलं होतं."

आईने पाला खाली ठेवला. "किती वेळ?"

"एसटी येईपर्यंत."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"ती मीठ होईल म्हणून."

आईने मला मारले नाही आणि रागावलीही नाही. तिने माझ्या हातातून चित्र घेतले, झग्याच्या खालच्या भागावर अंगठा फिरवला, जसा गावात फिरवायची तसाच, आणि गुंडाळीत सगळ्यांत वर ठेवले. त्याच आठवड्यात ती एकटी काष्टीला गेली. आम्हाला तिने गावाचे नाव सांगितले नाही, पण बाबांनी तिच्या पिशवीतले तिकीट पाहिले. ती उजेड असतानाच परत आली. पाय धुतले, गुंडाळी खुंटीला लावली. बाबांनी विचारले, कसं झालं. ती म्हणाली, "बऱ्या होत्या बाया." त्यानंतर तिने मिठाच्या बाईचे चित्र गुंडाळीतून काढून ट्रंकेत ठेवले. गावातल्या बायका ते मागत, तेव्हा ती फाटले म्हणून सांगे.

एस्तेर त्याच वर्षी पावसाळ्यात बाळंतपणात गेली. बाळही गेले. रामदासचे कार्ड आले तेव्हा तेरावा होऊन गेला होता. बाबा गेले नाहीत. जाऊन आता काय पाहायचे, असे ते एकदा म्हणाले. आईने त्या दिवशी गावाची फेरी चुकवली नाही.

आता मी सत्तरीत आहे. जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाले, मी इथे नगर लिहिते आहे कारण घरातल्या सगळ्या कागदांवर तेच आहे. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका मुलीने तिच्या मोबाईलवर त्या चित्राचा फोटो काढून शोधले आणि अर्ध्या मिनिटात मूळ चित्र सापडले. ते फ्रेंच आहे. तिथल्या चित्रशाळेत रीतसर शिकलेल्या एका चित्रकाराने काढलेले. त्या काळी तिकडे बागेत उभ्या असलेल्या सुंदर, श्रीमंत बायकांची अशी चित्रे पुष्कळ निघत आणि दिवाणखान्यात लावायला विकली जात. त्यांत गोष्ट नसे, असली तरी चित्रकार ती सांगत नसे. बाई कुणी खरी श्रीमंत बाई नसून बहुधा रोजावर उभी केलेली मुलगी असावी, असे एका कलाशिक्षकांनी मला सांगितले. लाल पाने म्हणजे त्यांच्याकडचा पानगळीचा ऋतू. झग्यावरची चमक रेशमाची, ती जमणे हे त्या चित्रकारांचे मोठे कसब समजले जाई. शीर्षकाचा अर्थ मी दोन ठिकाणी विचारून घेतला. "बागेत." एवढाच आहे. ती कुणाकडे पाहते आहे, याची नोंद कुठेही नाही.

आई हयात असताना मी एकदा काष्टीला गेले होते. वर्तमानपत्राने जनावरांच्या बाजाराची बातमी करायला पाठवले होते. काम झाल्यावर मी रामदासचे घर विचारले. त्याने दुसरे लग्न केले होते आणि तो साखर कारखान्यावर गेला होता. घरी त्याची भावजय हिराबाई होती. मी कोण ते सांगितले नाही, वार्ताहर आहे म्हटले. तिने चहा केला. पूर्वी या गावात चित्रे दाखवणारी बाई येत असे का, असे मी विचारले.

"आली हुती एकदा," ती म्हणाली. "निंबाखाली बसली. आमी समद्या गेल्तो. आमची आशा पन आल्ती, सात म्हैन्याची हुती तवा."

मी विचारले, कोणती चित्रे होती.

"लई हुती. येक ध्यानात हाय. पांढऱ्या झग्यातली बाई, छत्रीवाली, मागं बघती ती. त्या बाईनं सांगितलं, हिची लेक मागं राह्यली, म्हनून ही वळून बघती. जीव तुटतोय म्हनली तिचा."

"मिठाचं काय सांगितलं?"

"मीठ?" हिराबाई माझ्याकडे पाहत राहिली. "मिठाचं काय न्हाई सांगितलं, बाई."

मग तिने आणखी एक सांगितले. जाताना त्या बाईने पाणी मागितले. आशा आत जाऊन तांब्या घेऊन आली. बाईने तांब्या दोन्ही हातांत धरला आणि पुष्कळ वेळ तसाच धरून बसली. दोघी काही बोलल्या का, ते हिराबाईला माहीत नव्हते. ती जनावरांना वैरण टाकायला उठली होती.

हे मी वहीत लिहून घेतले, पण घरी आईला विचारले नाही. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट आम्ही वर्तमानपत्रात छापत नसू. हिराबाईची आठवण बरीच वर्षांची होती, आशा त्या दिवशी निंबाखाली होती हे सांगणारे दुसरे कुणी नव्हते, आणि आपल्या घरी सासू-सुनांच्या गोष्टी जशा वाढतात तशी हीही वाढली असेल, असे धरून मी ती बाजूला ठेवली.

आई गेल्यावर तिची ट्रंक मी उघडली. वर शास्त्र, त्यात एस्तेरचे पत्र. खाली निंबाच्या पाल्याचा चुरा आणि त्यात ते चित्र. चमक पिवळी पडली होती. मी ते उलटे केले. चित्र दाखवून झाले की आई मागच्या मांजरपाटावर पेन्सिलीने गावाचे नाव आणि किती बाया ऐकायला होत्या ते लिहीत असे. महिन्याच्या शेवटी मिशनला अहवाल द्यावा लागे, त्यासाठी. एकाखाली एक तीसेक गावे होती, काही पुसट. सरूबाईच्या वाडीसमोर बाया वीस असे होते. कुठेही कुणाचे नाव नव्हते. शेवटची नोंद खालच्या शिवणीजवळ आहे आणि अक्षर आईचेच आहे.

काष्टी. बाया नऊ. त्यांत एस्तेर.